हाडावरची गाठ, तेल आणि सोयरीक: त्या मेसेजचं काय करायचं?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मुलाच्या गुडघ्याजवळ टणक, न दुखणारी गाठ लागली तर तो हाडाचा कॅन्सर समजा. सुई लावू देऊ नका, पसरतो. डॉक्टरांनी ‘टाटा’ला पाठवलं की काय ते समजून जा. दूध आणि कॅल्शियम बंद करून तेलाने चोळा, गाठ जिरते. आणि हा रोग नात्यातल्या लग्नांमुळे, आईच्या बाजूने येतो, म्हणून सोयरीक करताना मुलीकडच्यांचे एक्स-रे मागा.

‘टणक गाठ म्हणजे कॅन्सर’

वाढत्या वयातल्या मुलाच्या गुडघ्याजवळ किंवा दंडाच्या वरच्या टोकाला हाडासारखं टणक टेंगूळ लागलं, तर ते बहुधा ऑस्टिओकॉन्ड्रोमा असतं. हाडाच्या साध्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. हाडाच्या टोकाजवळ वाढीची पट्टी असते. तिच्यातला कूर्चेचा अंश बाजूला फुटतो आणि तिथून आडवं हाड वाढू लागतं. मूळ हाडाचं कवच आणि आतला मगज दोन्ही सलग गाठीत शिरलेले एक्स-रेमध्ये दिसतात, आणि देठ असला तर त्याचा रोख सांध्यापासून दूर असतो. एवढं स्पष्ट दिसलं की बहुतेक वेळा पुढच्या तपासणीची गरज उरत नाही.

मूल वाढतं तोवर ही गाठ वाढते, उंची थांबली की तीही थांबते. गाठ एकटीच असेल तर तिचा पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण साधारण 1 टक्का, तेही मोठेपणी. म्हणून खरा प्रश्न वाढ थांबल्यानंतरचा आहे. तेव्हा गाठ पुन्हा मोठी होऊ लागली, नव्याने दुखू लागली किंवा मोठ्या माणसात एमआरआयवर गाठीच्या टोकावरची कूर्चेची टोपी 2 सेंमीपेक्षा जाड दिसली, तर थांबू नये. लहान मुलांत हीच टोपी मुळातच जाड असते, त्यामुळे मोठ्यांचा आकडा त्यांना लावून घाबरण्यात अर्थ नाही.

न दुखणारी ती वाईट, हेही खरं नाही, आणि दुखणारी ती वाईट, हेही. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ रात्री भयंकर ठणकते आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने बऱ्याचदा थंडावते. (मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नये.) साध्या एक्स-रेत ती हुकू शकते, पातळ कापांच्या सिटी स्कॅनमध्ये सापडते. सिटीवर पाहत सुई आत घालून सुमारे 90 अंशांवर 5-6 मिनिटं जाळली की बहुतेकांचं दुखणं संपतं.

मात्र ‘साधी’ या शब्दावरही विसंबू नका. 20 ते 40 वयात गुडघ्याजवळ होणारा जायंट सेल ट्यूमर कॅन्सर नाही, पण सांध्यापर्यंत हाड पोखरतो. खरवडून सिमेंट भरल्यावरही काहींना तो पुन्हा होतो, आणि क्वचित फुप्फुसातही जातो.

‘सुई लावली की पसरतो’

हे अर्धसत्य आहे, म्हणूनच ते टिकून आहे. गाठ घातक असेल तर सुईच्या वाटेवर पेशी राहू शकतात. म्हणून सुई कुठून घालायची हे आधी ठरवावं लागतं: पुढच्या शस्त्रक्रियेच्या चिरेच्याच रेषेत, म्हणजे गाठीसोबत ती वाटही कापून काढता येते. नडते ती घाईची बायोप्सी, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढणं. कुणीतरी ‘जरा बघू’ म्हणून आडवी चीर देतो आणि जो पाय वाचला असता तो वाचवणं कठीण होतं. बायोप्सी नाकारणं हा त्यावरचा उपाय नाही. जे पुढे शस्त्रक्रिया करणार, त्यांनीच ती करावी किंवा त्यांच्या सांगण्यावरून व्हावी.

परळला, टाटा मेमोरिअलला धाडण्याचं कारणही तेच. हाडाच्या गाठीचं निदान सर्जन, एक्स-रे वाचणारा आणि पेशी तपासणारा असे तिघं मिळून करतात, आणि असे तिघं रोज एकत्र बसतात अशा जागा थोड्या. टाटा मेमोरिअलमध्ये साध्या गाठींवरही उपचार होतात. चिठ्ठीवरचं नाव हे निदान नव्हे.

‘दूध बंद, तेलाने चोळा’

कॅल्शियमने गाठ वाढत नाही. दूध तोडल्याने फक्त वाढत्या मुलाचं नुकसान होतं. चोळण्याने मात्र अपाय होऊ शकतो. देठ मोडू शकतो, गाठीवरची पाण्याची पिशवी सुजते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या वरच्या टोकाशी गाठ असेल तर तिथूनच पाऊल उचलणारी नस जाते. ती दाबली गेली की पाऊल लोंबतं.

‘आईकडून येतो, नात्यातल्या लग्नामुळे होतो’

एकटी गाठ सहसा आनुवंशिक नसते. घराण्यात चालतो तो अनेक गाठींचा प्रकार, साधारण 50,000 माणसांत एकाला होणारा. दोष बहुतेक वेळा ईएक्सटी-1 किंवा ईएक्सटी-2 या जनुकात असतो. ही जनुकं 8व्या आणि 11व्या गुणसूत्रावर आहेत, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाहीत. बापाला असला तरी मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक खेपेला शक्यता निम्मीच. दोषाची एकच प्रत पुरते, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून हा रोग उपटत नाही. नात्यातल्या लग्नाचा धोका थॅलेसेमियासारख्या, दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात अशा आजारांत असतो. शिवाय सुमारे 10 टक्के रुग्णांत हा दोष नव्याने आलेला असतो, आईबाप दोघंही निर्दोष. सोयरिकीत मुलीचेच एक्स-रे मागणाऱ्यांनी स्वतःच्या मुलाचं मनगट आधी पाहावं.

मनगटच, कारण पहिला इशारा बऱ्याचदा तिथे मिळतो. करंगळीकडचं हाड आखूड राहतं, दुसरं वाकतं, हात करंगळीकडे झुकतो. मुलाला कोपर अंगाशी चिकटवून तीर्थ घ्यायला सांगा. तळहात पूर्ण वर वळत नसेल तर एक्स-रे काढा. कोपर मोकळं सोडलं तर खांदा ती उणीव झाकून टाकतो. गुडघे आत वळणं आणि पायांच्या लांबीत फरक पडणं हेही याच खात्यातलं. बहुतेकांचं निदान वयाच्या 12 वर्षांच्या आत होतं. सगळ्या गाठी कापायच्या नसतात. ज्या नस दाबतात, हालचाल अडवतात किंवा हाड वाकवतात, त्याच काढतात, आणि कूर्चेची टोपी पूर्ण निघाली नाही तर गाठ पुन्हा येते. या प्रकारात कॅन्सरचा धोका एकट्या गाठीपेक्षा जास्त, ढोबळमानाने 1 ते 5 टक्के. कमरेच्या आणि खांद्याच्या पात्यावरच्या गाठी सहसा हाताला लागत नाहीत, म्हणून मोठेपणी त्यांच्यावर जास्त लक्ष हवं.

अनेक गाठी म्हणजे आनुवंशिकच, असंही नाही. ओलिए रोगात हाडांच्या आत कूर्चेच्या गाठी होतात, बऱ्याचदा शरीराच्या एकाच बाजूला जास्त. तो बिघाड गर्भ राहिल्यानंतर एखाद्या पेशीत होतो आणि वारशाने येत नाही. त्यात कॅन्सरचा धोका मात्र कितीतरी मोठा असतो.

याच्या उलट, वारशाने येणारा गार्डनर सिंड्रोम. जबड्यावर, कवटीवर निरुपद्रवी हाडाची टेंगळं येतात, आणि एपीसी नावाच्या जनुकातल्या त्याच दोषामुळे मोठ्या आतड्यात शेकडो मोड (पॉलिप) येतात. वेळीच हाताळले नाहीत तर त्यांचा कॅन्सर जवळजवळ ठरलेला. अशा घरातल्या मुलांची आतड्याची दुर्बिणीची तपासणी 10-12व्या वर्षापासूनच सुरू करतात, जबड्यावर टेंगूळ असो वा नसो.