आमच्या दुकानातला खांब

आमच्या दुकानाच्या मधोमध एक खांब आहे. वरचे तीन मजले त्याच्या जिवावर उभे आहेत. हेड ऑफिसच्या नकाशात मात्र तो नाही.

दर तिमाहीला एचओवरून प्लॅनोग्राम येतो. कुठली बाटली कुठल्या फळीवर, कितवी, कुणाच्या शेजारी, याची छापील कुंडलीच. यंदा बरोब्बर खांबाच्या जागी शाम्पूचा सात फळ्यांचा रॅक आला. मी मेल केला, "तिथे खांब आहे." उत्तर आलं, "मांडणीत परस्पर बदल करू नये." मग तक्रारीचं तिकीट टाकलं. चौथ्या दिवशी ते बंद झालं : 'समस्येचे निराकरण झाले आहे.' मी धावत जाऊन पाहिलं. खांब होता.

शेवटी रॅक बाजूला लावला आणि आमच्यातल्या सगळ्यात उंच पोराला ऑफरचा बोर्ड धरून खांबापुढे उभं करून फोटो पाठवला. मांडणीला 100 टक्के मार्क मिळाले. आता त्या खांबातून साक्षात नरसिंह प्रकटला, तरी एचओ आधी त्याचा एम्प्लॉयी कोड विचारील.

साठ्याची तीच गत. गिऱ्हाईक मोबाइल नाचवत येतं, "तुमच्याच ॲपवर पुदिन्याच्या दोन बाटल्या दिसताहेत." मी फळी, गोदाम, शिडी सगळं पालथं घालतो. बाटल्या नसतातच. कुठे गेल्या तेही मला माहीत असतं. काउंटरवर मिनिटाला किती नग स्कॅन झाले हे एचओ मोजतं. त्यामुळे गुलाब, लिंबू, पुदिना अशा एकाच किमतीच्या तीन बाटल्या आल्या की कॅशियर गुलाबच तीनदा मारते. पैसे चोख. पण गुलाबाच्या दोन बाटल्या फळीवर असून हिशेबात मेल्या आणि लिंबू-पुदिना विकले जाऊनही हिशेबात जिवंत राहिले. संगणकाला वाटतं माल आहे, म्हणून तो नवा मागवत नाही. दुकानात पहिला बारकोड वाचला गेला 1974 साली, अमेरिकेत, च्युइंगमच्या पाकिटावर. एकच पाकीट होतं, म्हणून निभावलं.

मग साहेबांची व्हिजिट ठरली. रजा रद्द झाल्या, दुसऱ्या शाखेतून माणसं उसनी आणली, एरवी दोन चालणारी काउंटरं पाचच्या पाच उघडली. साहेब आले, रांग नाही हे पाहून खूश झाले आणि म्हणाले, "एवढी माणसं लागतात कशाला?"

पुढच्या महिन्यात आमची दोन कमी झाली.

जाताना साहेब फोनवर बोलत बोलत त्याच खांबाला टेकले. बोलणं संपल्यावर त्यांनी मागे वळून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा कधी आला?"

"इमारतीबरोबरच, सर."

त्यांनी डायरीत काहीतरी टिपलं. मला भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी बघितलं!

सोमवारी मेल आला : 'सदर खांब शाखेने कोणाच्या परवानगीने उभारला, याचा लेखी खुलासा दोन दिवसांत पाठवावा.'