‘५ टक्के जागा आहेत ना, मग आणखी काय हवं?’ : देवगडच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार. दिव्यांग मुलांच्या वकिलीच्या शिक्षणावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: ५ टक्के जागा राखीव आहेतच, छोट्या संस्थेला लिफ्ट परवडत नाही, तेव्हा या मुलांनी घरबसल्या शिकावं. आणि अंध माणूस कोर्टात करणार काय?

शेवटचं आधी. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की, दृष्टी नाही म्हणून कुणाला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही. न्यायाधीश चालतो, मग वकील का नको?

जागांचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३२ सरकारी आणि अनुदानित संस्थांपुरतं आहे. विनाअनुदानित लॉ कॉलेजला ते लागू नाही.

आता घरबसल्या. बीए होईल, एलएलबी नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी आहे. तुम्ही ज्याला घरी बसवताय, त्याला नियम वर्गात बोलावतो. कुबड्या सांभाळत एसटीची उंच पायरी, फाट्यावर उतरून चढण, पुढे जांभ्याच्या पायऱ्या, आषाढात शेवाळाने बुळबुळीत झालेल्या. आणि लेक्चर दुसऱ्या मजल्यावर! लिफ्ट राहू द्या हो, वर्ग तळमजल्यावर आणायला नवं वेळापत्रक पुरे. अशी वाजवी सोय करणं ही मेहेरबानी नव्हे, कायदाच तसा आहे. विकास कुमार खटल्यात (२०२१) तर लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अटही कोर्टाने आड येऊ दिली नाही.

खरी अडचण मात्र पायऱ्यांच्याही पुढे आहे. एका अंध विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर कराराच्या कायद्याच्या मराठी नोट्स मी ऐकल्या. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, मराठीही वाचतं. पण नोट्स जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या, म्हणजे दिसायला मराठी पण आतून इंग्रजी अक्षरांच्या, त्यामुळे कानावर नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या पानांवर तर ते गप्पच. पुस्तकांचं म्हणाल तर अशा वाचकासाठी वाचता येईल अशी प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्याचीही आडकाठी नाही, फक्त ती विकून नफा कमवायचा नाही.

तुम्ही संस्थेच्या कार्यकारिणीवर आहात म्हणून सांगतो: नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी म्हणून ओळखता येतील अशा अक्षरांत, करून घ्या. कन्व्हर्टर फुकट मिळतो. जोडाक्षरं तेवढी एकदा नजरेखालून घाला, रफार हमखास सरकतो.