‘एक अनुभवी वाचक’ यांस

गेल्या आठवड्यात ‘गाडी आली, आता पाने काढा’ असा एक लेख इथे लिहिला होता. सेकंडहँड गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात घरच्या घरी काय काय उघडलं, काय बदललं, त्याची ती हकीगत. त्याखाली ‘एक अनुभवी वाचक’ या नावाने पुढची प्रतिक्रिया आली. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही गाळलं असं कुणी म्हणायला नको.

“लेख वाचला. आधी कुणी, कशी वापरली याची काहीच माहिती नसलेल्या गाडीचे ब्रेक पहिल्याच महिन्यात घरी उघडणं आणि ते असं सहज लिहिणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. जॅकसोबत स्टँड लावल्याचा उल्लेख नाही. टायमिंग बेल्टवर एक अक्षर नाही, जुन्या गाडीत सगळ्यात आधी तोच बघायचा असतो. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा लागतो, तुम्ही जुनाच लावलात. व्हिडिओ बघून कोणी मेकॅनिक होत नाही, हौशी मंडळींनी एवढं लक्षात ठेवलं तर बरं.”

अनुभवी वाचक, नमस्कार. ‘महोदय’ म्हणणार होतो, पण तुम्ही नाव न सांगता नुसता अनुभवच सांगितलात, तेव्हा अनुभवाला नमस्कार.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. वॉशर, म्हणजे जुनं इंजिन ऑइल सोडायच्या बोल्टाखालची चकती. कबूल, शंभर टक्के कबूल. तो वॉशर मऊ धातूचा असतो, एकदा आवळला की दबून त्या जागेचा आकार घेतो, आणि दुसऱ्यांदा तसाच बसेल याचा भरवसा नाही. मी जुनाच उलटा करून लावला. दोन दिवस गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, तर त्यावर नाण्याएवढा डाग. नवा वॉशर लावला, डाग थांबला. हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं. चूक दाखवली की मान्य करतो, एवढा खिलाडूपणा माझ्यात आहे. समोरच्यातही तो असावा एवढीच अपेक्षा.

आता शेवटच्या वाक्याकडे येतो. “व्हिडिओ बघून कोणी मेकॅनिक होत नाही.” मी लेख पुन्हा काढून तपासला. त्यात ‘व्हिडिओ’ हा शब्द एकदाच आलाय, तोही ग्लोव्ह बॉक्सच्या क्लिपा न मोडता कशा काढायच्या ते पाहिलं म्हणून. आणि मी मेकॅनिक आहे असं मी कुठे म्हटलंय? एक ओळ दाखवा. न केलेला दावा खोडून काढायला तुम्ही अख्खं वाक्य खर्ची घातलंत.

आणि ‘हौशी मंडळी’. हौशी हा शब्द वाईट नाही. हौशी नट असतात, हौशी गिर्यारोहक असतात, त्यांच्याबद्दल आपण कौतुकानेच बोलतो. पण त्याला ‘मंडळी’ जोडून वर ‘एवढं लक्षात ठेवलं तर बरं’ म्हटलं की चाल बदलते. शाळेत आमचे एक मास्तर फळ्याकडे तोंड करून असंच बोलायचे. नाव कुणाचं घ्यायचं नाही, आणि रोख कुणावर आहे ते अख्ख्या वर्गाला कळलेलं. अहो, माझंच नाव घ्यायचंत ना सरळ. लेखाच्या वर ठळक अक्षरात आहे.

तर या हौशी माणसाचा थोडा इतिहास. आमच्या बाबांची गाडी कार्ब्युरेटरची. मी नऊ वर्षांचा असल्यापासून बोनेटखाली टॉर्च धरायचं काम माझ्याकडे. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. बाबांची नजर जिथे जाणार तिथे उजेड आधी पोचलेला हवा, नाहीतर टॉर्चपेक्षा माझाच उद्धार जास्त. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीचं, झाकण काढून आतले उघडझाप करणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि मग त्यांच्या मधल्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवायची. पाती अडकत अडकत सरकली पाहिजे. सहज गेली तर फट जास्त, गेलीच नाही तर कमी. आता हे ‘अडकत अडकत’ म्हणजे नेमकं किती, ते कुठल्या व्हिडिओत दिसतं सांगा. ते बोटाला कळावं लागतं. माझ्या बोटाला ते दहाव्या वर्षी कळलं, तेव्हा आमच्या घरात फोनसुद्धा नव्हता.

पुढे माझी स्वतःची पहिली जुनी गाडी आली. स्पार्क प्लग बदलायला घेतले. गाडी फिरवून आणली होती, इंजिन गरम, मला घाई. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, गरम असताना प्लग काढायचा नसतो हे मला त्या दिवशी कळलं, कारण तिसऱ्या प्लगसोबत आटेही बाहेर आले. चकचकीत, नाजूक, स्प्रिंगसारखे, प्लगच्या अंगाला गुंडाळलेले. ते हातात धरून मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग भोक मोठं करून आत नवे आटे बसवावे लागले. तेव्हापासून इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय मी प्लगला पाना लावत नाही, आणि नवा प्लग बसवताना पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी फिरवतो, पाना नंतर. याला म्हणतात अनुभव. तो मी नावात लावत नाही, एवढाच फरक.

ब्रेकचंही तसंच. पहिल्यांदा ब्रेकचे पॅड बदलले तेव्हा त्यांना दाबून धरणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला, नवे पॅड बसवले, चाक चढवलं, आणि खुशीत गाडी बाहेर काढली. पाय ठेवला तर पेडल थेट तळाला. पिस्टन मागे गेलेला असतो, पाच-सहा वेळा पेडल दाबून त्याला पुढे आणावं लागतं, तेही गाडी जागेवरून हलवायच्या आधी. फाटकाच्या हातभर अलीकडे हँडब्रेकवर थांबलो. पिस्टन ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइलही वर चढून बाहेर आलं होतं, त्याने बोनेटशेजारचा तळहाताएवढा रंग खाल्ला तो वेगळाच. आता मला विचाराल तर ब्रेकच्या कामातली एकूण एक चूक मला पाठ आहे, कारण ती मी केलेली आहे. व्हिडिओ बघणाऱ्याला हे कुठून माहीत असणार?

आणि ज्या ब्रेकवरून तुम्ही मला बेजबाबदार ठरवलंत, त्यांची कथा लेखात आहे, ती तुम्ही वाचलीत की नाही याची शंका येते. गाडी घेताना ‘ब्रेक ओके’ असं लिहून दिलेला कागद माझ्याकडे आहे. ज्याने तो दिला त्याचा धंदाच गाड्या तपासायचा. मी पुढचं उजवं चाक काढलं. बाहेरचा पॅड छान, सहा मिलिमीटर. आतला पॅड दोनवर आलेला. असं का होतं ते तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला मी काय सांगणार, पण बाकीच्यांसाठी सांगतो. या प्रकारचा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिना जाम झाल्या की पिस्टन आतल्या पॅडला दाबत राहतो, पण कॅलिपर सरकून बाहेरच्याला ओढत नाही. आतला झिजत जातो, बाहेरचा नवाच्या नवा. आणि चाकाच्या फटीतून वाकून बघणाऱ्याला दिसतो तो बाहेरचा. पिना काढल्या, एकीवर गंज, दुसरीवर वाळून खडखडीत झालेलं ग्रीस. साफ केल्या, ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस लावलं, आता बोटाने ढकललं तरी कॅलिपर सरकतो. आता सांगा, बेजबाबदार कोण? ज्याने चाक काढलं तो, की ज्याने न काढता कागद दिला तो?

ब्रेक ऑइलही बदललं, ते लेखात एका ओळीत उरकलंय म्हणून तुम्हाला मी काही माहिती नसलेला वाटलो असेन. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळता कामा नये, ओल धरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. लांबच्या घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली की पेडल पायाखाली स्पंज. माझ्या टाकीतलं काळं पडलं होतं. हे आकडे मला पाठ आहेत. हौसेने पाठ केलेत म्हणा हवं तर.

एक गोष्ट लेखात टाकली नव्हती, लांबण नको म्हणून. आता टाकतो. गाडी आणल्यावर आठवड्यात ड्रायव्हरशेजारच्या पायाखालचं कार्पेट ओलं झालं. एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने वाकून हात लावला आणि सांगितलं, हीटरचा कोअर गेला, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, तीन दिवस गाडी इथेच. मी गाडी परत आणली. पांढरा कागद कार्पेटवर दाबून धरला. रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. हीटरच्या कोअरमधून फिरतं ते इंजिन गार ठेवणारं कूलंट. ते असतं तर रंगीत डाग आला असता, बोटांना बुळबुळीत लागलं असतं, आणि टाकीतली पातळी उतरली असती. ती जिथल्या तिथे होती. म्हणजे पाणी, आणि पाणी एसीचं. ते बाहेर सोडणारी, बोनेटमागच्या भिंतीतून खाली उतरणारी रबराची नळी शोधली, अंगठ्याएवढी जाड, तोंडाशी चिखल भरून वाळलेला. वाकवलेली तार आत घालून फिरवली. एक क्षण काहीच नाही, आणि मग तांब्याभर गार पाणी माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत. डॅशबोर्ड अजून जागेवर आहे, कार्पेट कोरडं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, अनुभवी वाचक, की दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी आपली व्हायला ती एकदा आपल्या हाताने उघडावी लागते. कागद खोटं बोलतो. विकणाराही बोलतो, ‘चारही टायर एकदम बदललेत’ म्हणतो. मी खाली बसून टायरच्या कडेचे शेवटचे चार आकडे वाचले. तिघांवर २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चौथ्यावर ४११४. हे वाचायला मेकॅनिक असावं लागत नाही, डोळे असावे लागतात.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनशी जुळवून चालवणारा पट्टा. माझ्या गाडीत त्याजागी चेन आहे, म्हणून लिहिलं नाही. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनची वाट लागते, हे मला ठाऊक आहे, शिकवू नका. ज्यांच्या गाडीत बेल्ट असेल ते आपापलं मॅन्युअल उघडून बघतील. मोठी माणसं आहेत.

जॅकचं म्हणाल, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘पाना हातात धरा’ असंही मी लिहिलेलं नाही. माझ्याकडे दोन स्टँड आहेत. फोटोत दिसत नाहीत कारण त्या दिवशी ते शेजाऱ्यांकडे होते. पण मी हँडब्रेक ओढला होता, मागच्या चाकांना ठोकळे लावले होते, काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, आणि मी स्वतः खाली गेलोच नव्हतो. एसीच्या नळीसाठी फक्त हात आणि खांदा गेला, आणि तेव्हा चाकं जमिनीवर होती.

आणि मी कुणालाही ‘करा’ असं सांगितलेलं नाही. मी केलं ते लिहिलं. लेखाचं नाव आज्ञार्थी आहे हे खरं, पण ते नाव आहे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. लेखात वॉशरचं वाक्य घातलंय, ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ असं म्हणून. ब्रेकच्या भागात स्टँडची एक ओळही वाढवली आहे. ती तुमच्यामुळे नाही, ती टाकायचं माझं आधीच ठरलं होतं. शेजाऱ्यांकडून दोन्ही स्टँड आज सकाळी परत आणलेत.