खाली सोडणाऱ्याला नारळ, वर काढणाऱ्याशी घासाघीस

बोअरची गाडी दारात आली की आमच्या इंदूरात नारळ फुटतो, उदबत्ती लागते आणि पाणी लागलं की कॉलनीभर पेढे वाटले जातात. मोटर उतरवायला आलेल्या पोरांना पोहे-जिलबी मिळते. पुढे कधी तीच मोटर आत तुटून पडली आणि ती काढायला कोणी आला, की त्याच्याशी आपलं पहिलं वाक्य ठरलेलं: "भिया, इत्ते पैसे कायके? घंटेभर का तो काम है."

मला हे पटत नाही. खाली सोडलेली, आत बसवलेली किंवा लांब पाठवलेली वस्तू पुन्हा हातात येणं हा मूळ कामाचाच भाग आहे. त्याची सोय आणि त्याचे पैसे वस्तू सोडतानाच ठरायला हवेत. आपण ते देवावर सोडतो आणि मग देवाचं काम करायला आलेल्या माणसाशी भाजीवालीसारखी घासाघीस करतो. (भाजीवालीशीही करू नये, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

आमच्या सोसायटीची मी खजिनदार आहे, म्हणजे बिलांवर सही माझी आणि बोलणी खायची तीही मीच. नर्मदा १९७८ साली जलूदहून इंदूरात आली खरी, पण नळ येतो एक दिवसाआड, आणि एप्रिल-मे निघतात ते बोअरच्या भरवशावर. यंदा ऐन मेमध्ये पाइप सॉकेटपाशी, आट्यांतच तुटला आणि मोटर खालच्या पाइपांसकट आत गेली. बसवणाऱ्या ठेकेदाराने मोटरच्या कडीला दोर बांधलेलाच नव्हता. लोखंडी पाइप असताना दोर कशाला, असं तेव्हा म्हणाला होता म्हणे. मोटर किती फुटांवर सोडली, पाइप किती इंची, किती नग, यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. चौकीदार एक आकडा सांगत होता, आधीचे सेक्रेटरी काका दुसरा, आणि दोघंही छातीठोकपणे.

काढायला आलेले मिस्त्री वयाने बरेच मोठे, सोबत भाचा. घोडी (तीन पायांचा लोखंडी सांगाडा) उभी केली, चेनपुली टांगली, आणि त्यानंतर बराच वेळ त्यांनी काहीच केलं नाही. म्हणजे आमच्या मते काहीच नाही. ते नुसते विचारत होते. तुटलं तेव्हा आवाज कसा आला? आधी पाणी कमी येत होतं का? वायर वर किती शिल्लक आहे? मग कोणाच्या तरी घरचा आरसा मागवला. ऊन डोक्यावर आल्यावर आरशाने कवडसा बोअरच्या तोंडात टाकला. केसिंगची, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या आधाराच्या पाइपची, चकाकी दिसली, तिच्याखाली काळा पाषाण आणि अगदी तळाशी नाण्याएवढं हलणारं पाणी. पाण्याखालचं अर्थातच दिसत नव्हतं.

त्यासाठी त्यांनी साबण काढला. कपडे धुण्याचा, पिवळा. तो मळून मऊ केला, पाइपच्या एका तुकड्याच्या तोंडात ठासून भरला आणि तो तुकडा पाइपांना जोडून खाली सोडला. टेकल्याचं हाताला कळल्यावर हलकेच दाबला आणि तितकाच हलकेच वर घेतला. साबणावर एका कडेला अर्ध्या चंद्रासारखा ठसा उमटला होता. त्यावरून बोट फिरवून ते म्हणाले, "मुंह दीवार से टिका है." म्हणजे तुटक्या पाइपचं तोंड बोअरच्या भिंतीला टेकून तिरकं उभं होतं. सरळ खाली सोडलेलं कुठलंही हत्यार त्याच्या बाजूने घसरून गेलं असतं आणि मोटर आणखी घट्ट बसली असती.

मग त्यांनी हत्याराच्या टोकाला पाइपला भिंतीपासून ओढून मध्ये आणेल असा वाकडा ओठ जोडला. त्याच्या आत निमुळता, आटे पाडलेला टॅप होता, तुटक्या तोंडात शिरून फिरवला की आत चावत जाणारा. पान्याने फिरवताना ते डोळे मिटून होते. एवढ्यात आमच्यातल्याच एका सभासदाने वायर धरून ओढून बघायचा सल्ला दिला, नुसता दिला नाही तर वायरला हातही घातला. मिस्त्री त्या दिवसात तेवढे एकदाच ओरडले. वायर तुटली तर तिचा गुंता मोटरच्या डोक्यावर बसतो, आणि मग त्याखालचं काही पकडता येत नाही. संध्याकाळी एकेक पाइप क्लॅम्पवर धरत, सोडवत मोटर वर आली.

पैसे देताना बैठकीत काय ऐकलं असेल? "दिवसभर नुसता साबण टाकून बघत होता." बिल कापलं गेलं. मी विरोधात मत दिलं, बहुमत दुसरीकडे.

या कामात हात चालवण्यापेक्षा हात आवरण्याला जास्त अक्कल लागते, आणि ती दिसत नाही म्हणून तिचा भाव होत नाही. समुद्रावर हे शहाणपण फार आधी आलं. संकटातलं जहाज वाचवणाऱ्यांचा, लंडनच्या लॉइड्स या विमा-बाजाराचा जुना करार 'नो क्युअर, नो पे' या बोलीवर चालतो: माल वाचला नाही तर दमडी नाही, आणि वाचला तर त्याच्या किमतीच्या हिशोबाने मोबदला. तिथे नुसते तास मोजून पैसे ठरत नाहीत.

त्यातही ज्याने पडताना पाहिलं त्याचं मोल वेगळंच. जानेवारी १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकेचं बाँबफेकी विमान इंधन भरताना दुसऱ्या विमानावर आदळलं. चार हायड्रोजन बाँब खाली आले, तीन जमिनीवर सापडले, चौथा भूमध्य समुद्रात पडला. अमेरिकेच्या नौदलाकडे जहाजं, पाणबुड्या, गणितज्ञ, सगळं होतं. पण तिथल्या फ्रान्सिस्को सिमो नावाच्या कोळ्याने पॅराशूट पाण्यात पडताना पाहिलं होतं आणि जागा अमुकच, असं तो सांगत होता. बाँब अखेर त्याने दाखवलेल्या भागातच मिळाला. पहिल्यांदा वर ओढताना दोर तुटून तो पुन्हा निसटला, परत शोधावा लागला आणि एप्रिलमध्ये साडेआठशे मीटरहून जास्त खोलीवरून हाती आला. नंतर सिमोने बक्षिसासाठी वकील दिला. बरोबर केलं!

सोय आधीच करून ठेवली तर काय होतं याचा नमुना म्हणजे विमानातला ब्लॅक बॉक्स. नाव काळं, रंग भडक नारिंगी, का तर ढिगाऱ्यात दिसावा म्हणून. पाण्यात पडला की त्याला जोडलेलं यंत्र आपोआप हाका मारायला लागतं, पूर्वी किमान ३० दिवस. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रात पडलं. पुढच्याच महिन्यात सुमारे २००० मीटर खोलीवरून यंत्रमानवाने दोन्ही रेकॉर्डर वर आणले. उलट १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचे रेकॉर्डर त्या मुदतीत हाती लागले नाहीत. ते मिळाले मे २०११ मध्ये, सुमारे ३९०० मीटरवरून. त्यानंतर हाकेची मुदत ९० दिवसांवर नेली गेली. हरवल्यावर कसं सापडायचं हे त्या डब्याला जन्मतःच शिकवलेलं असतं.

आपली इस्रोही त्याच वाटेने जाते. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या चाचणीतली कुपी श्रीहरिकोट्याजवळ बंगालच्या उपसागरात उतरली आणि नौदलाने ती बाहेर काढली. पाण्यात ती उलटी तरंगत होती. म्हणून पुढच्या कुपीत तिला सुलटी करणारी व्यवस्था घालायचं ठरलं. उद्या त्यात माणसं असणार आहेत.

आणि सोय न केल्याचा नमुना नंदादेवीवर आहे. १९६५ साली चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारत आणि अमेरिकेच्या गुप्तचर खात्यांनी मिळून शिखरावर यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज देणारा प्लुटोनियमवरचा जनित्र-संच गिर्यारोहकांच्या पाठीवरून वर गेला. ऑक्टोबरमध्ये हवामान फिरलं, पथक खाली आलं आणि सामान वरच बांधून ठेवलं, पुढच्या हंगामात घेऊ म्हणून. पुढच्या वसंतात जाऊन बघतात तर जागाच साफ. पुढे शोधमोहिमा झाल्या, १९७८ मध्ये मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावं लागलं, पण तो संच आजवर सापडलेला नाही. माणसांचे जीव वाचवायला पथक उतरलं हे योग्यच झालं. पण अशी वस्तू नेताना 'ठेवून यावी लागली तर?' हा प्रश्न पायथ्याशीच विचारायचा असतो.

इतकं लांब कशाला, हे आमच्या सराफ्यात सगळ्यांना येतं. रात्री गराडू खायला जातो त्याच गल्लीत कधी सकाळी जा. सोनाराची बैठकच अशी असते की कानशीने उडालेला कीस वाया जाऊ नये. हात धुतलेलं पाणी ओतून देत नाहीत, गाळ बसू देतात. दुकानाचा केरही विकला जातो. तो घेणारे झारेकरी, इथल्या बोलीत न्यारिये, माती धुतात, पाऱ्याने सोन्याचे कण धरतात, मग पारा तापवून उडवतात. त्या पाऱ्याच्या वाफा त्यांच्याच छातीत जातात. परत मिळवण्याची शिस्त सराफ्याकडून शिकावी, पण जोखीम कोणाच्या वाट्याला येते तेही बघावं.

शहर म्हणून मात्र आपण नेमकं उलटं वागतो. जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, दिसली की तिच्यावर स्लॅब टाकतो, जुना बोअर आटला की त्यावर पोतं. २०२३ च्या रामनवमीला, ३० मार्चला, पटेल नगरच्या मंदिरात बावडीवरचा स्लॅब कोसळून काय झालं ते इंदूरकराला सांगायला नको. ३६ माणसं गेली. त्यावर फार लिहिवत नाही, एवढंच म्हणते की बावडी झाकली की आत उतरायची वाटही झाकली जाते. निकामी बोअर नीट बुजवा, तोंडाला पक्कं झाकण लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय. आपल्या गल्लीत किती झाकणं वेल्ड केलेली आहेत, एक चक्कर मारून बघा.

सोसायटीत आता एवढं झालंय: मोटरला स्टीलचा दोर बांधलाय आणि तो वर केसिंगच्या क्लॅम्पला अडकवलाय. बोअरची वही केली आहे. खोली, केसिंग कुठवर, पाइपचा व्यास आणि नग, मोटरचा नंबर, बसवणाऱ्याचं नाव, तारीख, आणि उतरवतानाचे फोटो. पुढच्या खजिनदाराला हे सगळं चौकीदाराला विचारायला लागू नये. मिस्त्रींच्या बिलातले कापलेले पैसे पुढच्या बैठकीत पुन्हा विषयपत्रिकेवर आहेत. मंजूर होतील असं वाटत नाही, पण मी विषय मागे घेणार नाही.

इंदूर, देवास, महू, उज्जैनकडे कोणाची मोटर अडकली असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, मिस्त्रींना विचारून त्यांचा नंबर देते. भाव आधी ठरवा. आणि ते साबण मळत असतील तेव्हा मागे उभं राहून सल्ले देऊ नका.