फिल्टरवरची धूळ आणि हवेतली धूळ: एक खुलासा

हवा ओढून तिच्यातील धूळ मोजणाऱ्या यंत्राच्या फिल्टरवर चोवीस तासांत १२० मिलिग्रॅम धूळ जमली, म्हणजे हवेतील पीएम-१० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक धूलिकण) मर्यादेच्या १२०० पट झाले, असा दावा काळवंडलेल्या फिल्टरच्या छायाचित्रासह फिरत आहे. तो चुकीचा आहे. भारतातील २००९ च्या मानकांनुसार पीएम-१० ची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे धुळीच्या वजनाला यंत्राने ओढलेल्या हवेच्या आकारमानाने भागल्याशिवाय तुलनाच होऊ शकत नाही.

समजा, यंत्राचा प्रवाह सुरुवातीला मिनिटाला १.२ घनमीटर होता आणि धूळ साचून तो अखेरीस १.० वर आला, तर सरासरी १.१ धरून १४४० मिनिटांत १५८४ घनमीटर हवा फिल्टरमधून गेली. १२० मिलिग्रॅम म्हणजेच १,२०,००० मायक्रोग्रॅमला १५८४ ने भागल्यास उत्तर सुमारे ७६ येते, म्हणजे मर्यादेच्या आतच. (भागाकार विसरणे सोपे, पण त्याने निष्कर्षच उलटला.)

कोरा आणि वापरलेला, दोन्ही वेळा फिल्टर ठरावीक तापमान व आर्द्रतेत ठेवूनच तोलावा लागतो, अन्यथा शोषलेला ओलावाही धूळ म्हणून मोजला जातो. काळेपणा तर वजनाचे मापच नव्हे: थोडीशी काजळी फिल्टर काळा करते, तर फिकट मातीची धूळ त्याहून जड असूनही तो जेमतेम मळका दिसतो.