कराटे ऑलिम्पिकमधून गेलं, ते त्या एका लाथेमुळे नाही

‘टोकियोत इराणचा खेळाडू बेशुद्ध पडला, म्हणून कराटेला ऑलिम्पिकमधून काढलं,’ असा मजकूर व्हिडिओसह फिरतोय. परवा मीही तो क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. चूक माझी, म्हणून हा खुलासा.

लढत खरी आहे. ७ ऑगस्ट २०२१, ७५ किलोवरील गटाची अंतिम फेरी. सौदीचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतकी जोरात बसली की त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. कुमितेत, म्हणजे कराटेतल्या समोरासमोरच्या लढतीत, फटका आवरता घ्यावा लागतो. हामेदी बाद झाला आणि सुवर्ण गंजजादेहला मिळालं. म्हणजे नियमाने आपलं काम चोख केलं.

पण तारखा बघा. पुढच्या, म्हणजे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या आयोजकांनी जादा खेळांची यादी फेब्रुवारी २०१९ मध्येच जाहीर केली होती: ब्रेकिंग (ब्रेकडान्स), स्केटबोर्डिंग, क्लाइम्बिंग, सर्फिंग. डिसेंबर २०२० मध्ये ती पक्की झाली. लढत त्यानंतरची.

कराटे टोकियोत आलं तेही यजमान जपानच्या प्रस्तावावरून, त्या एका स्पर्धेपुरतं. ज्युदो आणि तायक्वांदो कायमच्या कार्यक्रमात आहेत, कराटे नाही. २०२८ साठीही लॉस एंजेलिसने क्रिकेट, स्क्वॉश वगैरे सुचवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब झालं. कराटे पुन्हा बाहेरच, याचं मला फार वाईट वाटतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच या तारखा टाका. आमच्या दोन पालकांनी मुलींना क्लासला पाठवायचं थांबवलंय.