औत, कुकर अन् हजेरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा नीट वाचली. हळद शिजवायच्या दिवसात दुपारी १२ ते ४ माणसं उन्हातून काढा असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हे पंख्याखाली बसून सुचतंय, तुमच्या आजोबांनी जन्मभर उन्हात औत हाकलं, आईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, त्यांना काय झालं नाही, खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, अन् चार तास माणसं बसवून ठेवली तर त्यांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, कोण भरणार, कुकरवाला, म्हणजे हळद शिजवायचं मशीन घेऊन येणारा, तर कुणासाठी थांबत नसतो. हजेरीचा मुद्दा एकदम रास्त आहे, त्यावर शेवटी सविस्तर लिहितो. मी वसमतकडचाच आहे, घरची हळद आहे, त्यामुळं पंख्याचं राहू द्या.

आजोबांचं बघू. उन्हाळ्यात औत जुंपायचे कधी? तांबडं फुटायच्या आधी. अन् ऊन चढून बैलाच्या तोंडाला फेस दिसायला लागला की सोडायचे, साडेदहा-अकराला बैलबी लिंबाखाली अन् माणूसबी लिंबाखाली, परत जुंपायचे ते ऊन कलल्यावर. बैल गेला तर घर बसायचं म्हणून बैलाला जपायचे अन् त्याच्या निमित्तानं माणसाची भर दुपार टळायची. आता ट्रॅक्टरला फेस येत नाही, कुकरला दम लागत नाही, मशीन चालू तोवर माणूस चालू. बांधावरची झाडं तोडून टाकली ते वेगळंच, जेवायला बसावं तर ट्रॉलीच्या सावलीत बसावं लागतं. म्हणजे आजोबांची पद्धत तुम्ही सांगताय ती नव्हती, मी सांगतोय त्याच्या जवळची होती.

बहात्तरला खडी फोडणाऱ्या बायांपुढं मी हात जोडतो. पण त्या उन्हात बसल्या कारण घरात दाणा नव्हता. त्या कामांवर कोण चक्कर येऊन पडलं, कोण रात्री तापानं फणफणून गेलं, ह्याची नोंद कुणी ठेवली सांगा. आजसुद्धा ऊन लागून गेलेल्या माणसाच्या नावापुढं बऱ्याचदा हार्ट अटॅक एवढंच लागतं. म्हणून "काय झालं नाही" ह्यावर माझा विश्वास बसत नाही.

उन्हाची सवय होते हे मात्र तुमचं खरंय, ते मी नाकारतच नाही. पण ती एक-दोन आठवडे रोज थोडं थोडं उन्हात काम केल्यावर येते, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, अन् आठवडाभर उन्हाबाहेर राहिलं की उतरायलाही लागते. ती रक्तात वारसानं येत नाही. तुमचा मुलगा पुण्याहून कंपनीची सुट्टी काढून हळदीला येतो ना, त्याला अन् वर्षभर रानात असणाऱ्या गड्याला एकाच दिवशी सारखं काम लावू नका. अमेरिकेत उन्हानं मेलेल्या कामगारांच्या केसेस तिथल्या सरकारी सुरक्षा विभागानं तपासल्या तर निम्म्याच्या आसपास माणसं कामाच्या पहिल्याच दिवशी गेलेली, पहिल्या आठवड्यात ७० टक्क्यांच्या वर. म्हणून तिकडं नियम सांगतात की नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्या, मग रोज २० टक्के वाढवत न्या. आपल्याकडं तर नवा पोरगा दिसला की त्याचा दम बघायला सगळ्यात जड काम देतात, हे मला अजिबात पटत नाही.

आता कुकरजवळचं. परभणी-वसमतकडं एप्रिलमध्ये पारा ४२ वर जातो, तो आकडा सावलीतला असतो बरं का, रानात त्यावर उन्हाचा चटका वेगळा. कातडी साधारण ३५ अंशाची, म्हणजे हवाच आपल्याला तापवत असते अन् उष्णता बाहेर टाकायला शरीराकडं घाम हा एकच रस्ता उरतो. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तर. आपल्याकडं हवा कोरडी, घाम सुटतो तसा उडून जातो, शर्ट कोरडाच दिसतो अन् माणूस म्हणतो मला घाम आलाच नाही, नंतर बघावं तर पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. अन् कुकरच्या भट्टीच्या तोंडाशी पळाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) सारणाऱ्या माणसाकडं कधी थांबून बघा, समोरून जाळ, वरून ऊन, ड्रमचं झाकण उघडलं की वाफेचा लोट सरळ तोंडावर. त्या वाफेत घाम वाळतच नाही, नुसता टपकतो, त्यानं गारवा येत नाही. अवकाळीचं आभाळ येऊन गच्च झालं की हेच होतं, पारा उतरलेला दिसतो पण जीव जास्त घाबरतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या मोठ्या सरकारी कार्यक्रमात १४ माणसं गेली, जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता, अन् ती माणसं काम करत नव्हती, उन्हात नुसती बसलेली होती. म्हणून ३८-४० म्हणजे काहीच नाही असं म्हणू नका.

कांद्याबद्दल एवढंच, भाकरीसोबत खुशाल खा, खिशातल्या कांद्यानं शरीराचं तापमान उतरत नाही. पाणी उतरवतं, अन् तहान लागायची वाट बघायची नाही, दर १५-२० मिनिटाला एक ग्लास, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये, नुसतं पाणीच पाणी झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. ताक द्या, पन्हं द्या, ओआरएसची मोठी पुडी असेल तर ती पूर्ण एका लिटरात, निम्म्या ग्लासात नाही. पुडी नसली तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे अन् मिठाचा अर्धा. अन् बायांकडं बघा जरा. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालून त्या दिवसभर हळद वेचतात, अन् पाणी मुद्दाम कमी पितात कारण रानात आडोसा नसतो. चार काठ्या अन् जुनं लुगडं लावून द्यायला किती खर्च येतो? हे मालकानं स्वतःहून करायचं असतं, त्या मागणार नाहीत.

आता हजेरी. दादा, काम बंद ठेवा असं मी म्हणलोच नाही, तास सरकवा म्हणतोय. पहाटे साडेपाच ते साडेदहा अन् साडेचार ते साडेसात, आठ तास भरतात, हजेरी पूर्ण. कुकर आमच्याकडं रात्रीच लावतो, कुकरवाल्याला आधीच सांगून ठेवलं तर तोही तयार होतो, त्याच्या माणसालाही जीव आहेच की. उजेड भरपूर ठेवा अन् पायात बूट पाहिजेत, विंचू-सापाचं भ्या असतंच. खरी अडचण गुत्त्याची आहे. कामावर पैसे ठरलेला माणूस स्वतःहून थांबत नाही, पाणी प्यायलासुद्धा उठत नाही, कारण त्याची प्रत्येक मिनिट त्याच्या पोटातून जाते. निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणाऱ्या तरण्या पोरांच्या किडन्या गेल्या, शुगर नाही, बीपी नाही, भर उन्हात मोळीमागं धावणं हे त्यातलं एक मोठं कारण मानतात, तिथं मग पाणी, विश्रांती, सावली हे कामाच्या वेळेतच धरायला सुरुवात झाली. आपल्या बीडची, धारूरची, पाथरीची माणसं मार्चपर्यंत फडात असतात, त्यांचं काम वेगळं आहे काय? म्हणून मी मजुराला उपदेश केला नव्हता, थांबा म्हणायचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याला लिहिलं होतं, म्हणजे तुम्हाला अन् मला. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी हे कायद्यातच आहे, मग आपल्या रानात आलेल्या माणसाला तेवढंबी नको का?

एक गोष्ट मूळ लेखात दोन ओळीत उरकली होती, ती इथं नीट लिहितो. काम करता करता माणूस असंबद्ध बडबडायला लागला, नाव विचारलं तर भलतंच सांगतोय, झोकांड्या खातोय, अंग चटका बसेल इतकं तापलंय, तर तो उष्माघात धरा. अंगाला घाम आहे म्हणून नाही असं समजू नका, कष्टाचं काम करणाऱ्याला घाम असतानाही होतो. गाडी बोलवायला एक जण १०८ लावेल, बाकीच्यांनी त्याला सावलीत ओढायचं, कपडे ढिले करायचे अन् असेल तेवढं पाणी अंगावर ओतायचं, ड्रिपची नळी, स्प्रे पंप (विषारी औषधाचा सोडून), घागर, काहीही, मान-काखा-जांघा ओल्या ठेवायच्या अन् सुपानं, पंचानं जोरात वारा घालायचा. गाडी येईपर्यंत अन् गाडीतसुद्धा हे थांबवायचं नाही, पहिल्या अर्ध्या तासात अंग किती उतरलं ह्यावर पुढचं सगळं असतं. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, छातीत जातं. तापाची गोळी देऊ नका, ह्या तापाला ती लागू पडत नाही.

तुम्ही लिहिलंय की भट्टीवर बसणारा तुमचा गडी साठीचा आहे अन् त्याला बीपीची गोळी चालू आहे. काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, पाणी लवकर कमी होतं. गोळी बंद करायला सांगू नका, डॉक्टरला एकदा विचारून घ्या, पण ह्या हंगामात त्याला जाळापुढून उठवा, वाळवणीवर किंवा राखणीला लावा अन् पळाटी सारायचं काम दोन तरण्या गड्यांना आळीपाळीनं द्या.